कापलेल्या भातावर पडलेला पाऊस

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ग्रामीण कथा-कादंबरीविषयी अधूनमधून जे लेखन येते, ते मी नेमाने वाचतो. कथानक, बोली, जात, कर्जबाजारीपणा, स्थलांतर या अंगांची त्यात चर्चा होते. निसर्गाचा विषय मात्र ‘लेखकाने निसर्गाचे सुंदर वर्णन केले आहे’ एवढ्या एका वाक्यात आटोपला जातो. हे वाक्य मला गेल्या हिवाळ्यापासून खुपू लागले आहे. का, ते सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ते लांबले तर शिक्षकी पेशाचा दोष समजून पोटात घालावे.

सीमाभागात कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी, कुद्रेमनी अशा गावांतून लोक पदरमोड करून मराठी साहित्य संमेलने भरवतात, हे आपल्या वाचकांना ठाऊकच आहे. अशाच एका गावच्या मंडळींनी संमेलनाच्या निमित्ताने नवोदितांकडून कथा मागवल्या आणि त्या वाचून पाहण्याचे काम, मी निवृत्त शिक्षक असल्यामुळे आणि बहुधा मला दुसरा उद्योग नसल्यामुळे, माझ्याकडे सोपवले. तीसेक कथा आल्या होत्या. बहुतेक सगळ्या शेतकरी, शेतमजूर, ऊसतोडणी, वीटभट्टी अशा कष्टकरी जीवनावरच्या होत्या, आणि एक-दोन सोडल्या तर सर्वांची सुरुवात पहाट, धुके किंवा पाऊस यांपैकी कशाने तरी झाली होती. पावशा पक्षी ‘पेरते व्हा’ असे किमान सात कथांत ओरडला होता.

त्यांतली एक कथा मला मनापासून आवडली होती. भाषा स्वच्छ, संवाद नेमके, पात्रे ओळखीची. कार्तिकातले दिवस, भातकापणीची धांदल, कापणीला आलेल्या मजुरांतली एक मुलगी आणि शेजारच्या शेतातला एक मुलगा. शेवटी संध्याकाळी अचानक आभाळ भरून येते, सरीवर सरी कोसळतात, दोघे हात पसरून भिजतात, आणि सारे शिवार न्हाऊन निघाल्याचे वर्णन करून लेखक कथा संपवतो. त्या वर्णनाची लय मला इतकी भावली की, रात्री आमच्या गल्लीच्या कट्ट्यावर मी ती कथा चार जणांना वाचून दाखवली. वाचन संपल्यावर क्षणभर कोणी बोलले नाही. मला वाटले, कथा पोहोचली. मग सत्तरी ओलांडलेले एक शेजारी, ज्यांना आम्ही सगळे तात्या म्हणतो, घोंगडे सावरत म्हणाले, “गुरुजी, भात कापून शिवारात पडलंय म्हणालासा न्हवं? मग हे पावसात नाचूलेत व्हय?”

मी पाने मागे उलटून पाहिली. खरोखरच, दोन पानांपूर्वी लेखकाने भात कापून वाळण्यासाठी आडवे टाकले होते आणि नंतर तो ते विसरून गेला होता. विसरला तो एकटाच नव्हे. कथा दोनदा वाचूनही माझ्या ते ध्यानात आले नव्हते, आणि मी तर भाताच्या शिवारातच वाढलेला आहे. कापून पडलेल्या भातावर पाऊस येणे म्हणजे काय, हे आपल्या शहरी वाचकांसाठी थोडे विस्ताराने सांगतो. भिजलेल्या लोंबीतला दाणा दोन-तीन दिवसांत काळवंडतो, ऊन पडले नाही तर त्याला कोंब फुटतात, पिंजर कुजते आणि मग जनावरेही तिला तोंड लावत नाहीत. चार महिन्यांचे पीक एका संध्याकाळी निम्म्या भावाचे होते. अशा वेळी ज्या घरात ताडपत्री असेल ते घर ती घेऊन अंधारात शेताकडे धावते. ज्या घरात नसेल ते शेजाऱ्याच्या दारात उभे राहते. आणि मजुरीवर आलेल्या मुलीच्या मनात पहिला विचार येतो तो असा की, उद्याचे काम बुडाले, पण भिजलेले भात उलथायला परवा बोलावतील. तो पाऊस सुंदर नसतो असे मी म्हणत नाही. पण त्या मुलीला तो दिसायच्या आधी त्याचा हिशेब दिसतो, आणि कथेत नेमके तेच आलेले नव्हते.

तेव्हापासून मी उरलेल्या सगळ्या कथा तात्यांच्या कानांनी पुन्हा वाचल्या. पंधरवडाभराच्या त्या वाचनानंतर माझे असे मत झाले आहे की, कष्टकऱ्यांच्या जीवनावरील कथेत निसर्गाला पडदा म्हणून मागे टांगता येत नाही. त्या जगात निसर्ग हे कामाचे ठिकाण आहे. तोच घड्याळ आहे, तोच हत्यार आहे आणि पुष्कळदा मालकापेक्षा मोठा मालकही तोच आहे. कारखान्यावरच्या कथेत यंत्र कसे चालते हे लेखकाला ठाऊक नसेल तर आपण ती कथा बाजूला ठेवतो. शेतावरच्या कथेत पाऊस कोणत्या नक्षत्राचा आणि पीक कोणत्या अवस्थेत, हे ठाऊक नसले तरी मात्र ‘काव्यात्म’ म्हणून तिला दाद देतो.

एकच शब्द उदाहरणादाखल घेतो. पाऊस पडून उघडीप मिळाली की जमिनीत कुळव किंवा कोळपे घालण्याजोगी जी ओल राहते, तिला आपण वाफसा म्हणतो. तो आला की नाही हे पाहण्यासाठी शेतकरी मूठभर माती उचलून दाबतो; ती बोटांना चिकटली तर अजून थांबायचे, गोळा होऊन सहज फुटली तर बैल जुंपायचे. एक दिवस आधी गेले तर ढेकळे पडतात, दोन दिवस उशीर झाला तर जमीन आवळते आणि तण पुढे जाते. या एका मुठीत आभाळ, माती, अनुभव, घाई आणि भीती एकत्र असते. तीस कथांपैकी एकाही कथेत कोणी माती मुठीत धरली नव्हती. मातीचा सुगंध मात्र सर्वत्र दरवळत होता.

भातशेतीचे सगळे वर्षच अशा निवाड्यांनी भरलेले आहे. आमच्याकडे मे महिन्याच्या शेवटी, वळीव पडून गेल्यावर, कोरड्या मातीत धूळवाफ पेरणी करतात. बी धुळीत टाकून माणूस आभाळाच्या भरवशावर मोकळा होतो. पाऊस मुळीच आला नाही तर बी काही दिवस तग धरते आणि भरपूर आला तर उगवते. सर्वांत वाईट तो अर्धवट पाऊस, ज्याने बी उमलते आणि पुढे ओल न मिळाल्याने करपते. मग दुबार पेरणी, म्हणजे बियाण्याचा दुप्पट खर्च. ढग येऊन न बरसता जाण्याची वर्णने आपल्या साहित्यात भरपूर आहेत, पण थोडेच बरसून गेलेल्या ढगाची भीती मी फार क्वचित वाचली आहे. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस आणि पुष्याचा तो म्हातारा, ही नावे ज्या लोकांनी ठेवली ते पावसाकडे घरातल्या माणसासारखे पाहत होते. तरणा दांडगाई करतो, म्हातारा दिवसभर रिपरिप लावून बसतो आणि त्या रिपरिपीतच लावणीची कामे उरकावी लागतात.

लावणीचे दृश्य हे तर ग्रामीण कथेचे हमखास चित्र. हिरवा गालिचा, रांगेत वाकलेल्या बाया, ओठांवर गाणी. ही गाणी खोटी नाहीत. मी ती ऐकत वाढलो. पण हे चित्र रस्त्यावरून पाहणाऱ्याचे आहे. लावण करणारी बाई चिखलात वाकून मागे मागे सरत जाते. तिच्या पुढ्यात लावून झालेले रोप असते आणि पाठीशी राहिलेला चिखल असतो. हिरवेपणा तिला दिसतो तो झालेल्या कामाचे माप म्हणून. पाठीवर पूर्वी इरले असे, आता प्लॅस्टिकचा कागद असतो आणि त्याच्या आत घामाने भिजायला होते ते वेगळेच. आठ-दहा दिवस सतत पाण्यात राहून पायांच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, त्यांवर रात्री हळद-तेल लावून बाई चुलीजवळ पाय शेकत बसते. चिखल्या हा शब्द ज्या कथेत आहे त्या कथेला मी, वर्णनाचा एक शब्दही न वाचता, निम्मे गुण द्यायला तयार आहे. (अतिशयोक्ती करतो आहे, पण फार नाही.) शिवाय लावणीच्या दिवसांत मजूर मिळत नाहीत म्हणून एकमेकांच्या शेतात जाऊन पैरा करतात. कोणाचे शेत आधी आणि कोणाचे नंतर, हे पाणी कोणाच्या वावरात आधी साठते यावर ठरते, आणि त्यावरून जावा-जावांत होणारी भांडणे गाव वर्षभर लक्षात ठेवते. पाण्याचा उतार आणि माणसांचे रुसवे यांचा असा थेट संबंध असताना कथाकाराला रुसव्यासाठी दुसरे कारण शोधत बसावे लागू नये.

यावर कोणी म्हणेल, आणि आमच्या मंडळातल्या एका तरुण प्राध्यापकांनी म्हटलेही, की मग राबणाऱ्या माणसाला सौंदर्य दिसतच नाही असे तुम्हाला म्हणायचे आहे काय? तसे म्हणणे हा त्या माणसाचा अपमान होईल. माझी आई निरक्षर होती आणि भांगलताना कंबर मोडेपर्यंत मान वर करत नसे. पण ओंब्या भरू लागल्या की, संध्याकाळी घरी येताना ती बांधावर विनाकारण थांबत असे. ‘विनाकारण’ हा माझा शब्द. तिच्या दृष्टीने ते पाहणे कामाचाच भाग होता, आणि सुखही त्यातच होते. येळ्ळूर, शहापूर, वडगावच्या शिवारातल्या बासमतीविषयी जुने लोक अजून बोलतात ते आधी तिच्या वासाविषयी. पीक फुलोऱ्यात आले की बांधावरून जाणाऱ्याला तो वास येतो. त्याच बांधावरून गवताचा भारा घेऊन जाणाऱ्या बाईच्या घरी मात्र रात्री रेशनचा तांदूळ शिजतो. तो वास कथेत आणताना लेखकाने तो कोणाच्या नाकाने घेतला, एवढेच मला विचारायचे आहे. आश्विन पौर्णिमेला, जिला आमच्याकडे कन्नड वळणाने शीगी हुन्नवी म्हणतात, पीक पोटुशी आहे या भावनेने शेतात नैवेद्य नेऊन भूमीची पूजा करतात. गर्भारपणाची ही कल्पना ज्यांना सुचली त्यांच्या सौंदर्यदृष्टीविषयी शंका कोण घेईल? पण ती दृष्टी हातांतून डोळ्यांत गेलेली आहे.

निपाणीकडे गेले की हाच विषय वेगळे रूप घेतो. तंबाखूचे पीक कापून शेतातच उन्हात वाळवतात. कडक वाळलेले पान हाताळले की चुरा होतो, म्हणून उलथापालथ करायची ती भल्या पहाटे, दहिवराने पान मऊ असताना. दवबिंदूंवर मराठीत किती कविता आहेत याची गणती नाही; तंबाखू उलथणाऱ्या मजुराला दव हवे असते ते पान शाबूत राहावे म्हणून, आणि दव सुकायच्या आत काम उरकायचे म्हणून त्याचा दिवस पहाटेच्या थंडीत सुरू होतो. पुढे तेच पान वखारीत येते. तिथे ओल किती यावर वजन, आणि वजनावर पैसे. १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी निपाणीजवळ महामार्ग अडवला तो भावासाठी, आणि ६ एप्रिल रोजी झालेल्या पोलीस गोळीबारात १२ शेतकरी गेले. त्या आंदोलनाविषयी भाषणे आणि लेख पुष्कळ झाले. पण त्या वर्षीच्या पानाचे काय झाले, महामार्गावर बसलेल्या माणसाचे लक्ष मागे घरच्या तंबाखूकडे किती होते, ही कथाकाराची जागा आहे आणि ती बरीचशी रिकामी आहे.

वखारीत तंबाखू चाळणाऱ्या बायकांच्या बाबतीत तर निसर्ग म्हणजे हवेतली ती तिखट धूळच. शेत, आभाळ, ऋतू हे सगळे तिथे पानाच्या बारीक कणांच्या रूपाने नाकातोंडात जाते. निपाणीचे महादेव मोरे यांनी आपल्या कथा-कादंबऱ्यांतून ही माणसे, आणि त्यांच्यासोबत ड्रायव्हर, मेकॅनिक, हमाल, ज्या बारकाईने मांडली तिचे मोल आपण पुरते केलेले नाही. त्यांनी स्वतः गॅरेजात काम केले, गाडी चालवली, पिठाची गिरणी चालवली. त्यांच्या लेखनात निसर्गवर्णन कमी आहे अशी तक्रार मी एका चर्चेत ऐकली होती. तिथे मला बोलायला वेळ मिळाला नाही म्हणून आज म्हणतो: ज्या माणसाच्या पात्रांचे हात ग्रीस, पीठ आणि तंबाखूने माखलेले आहेत त्याने निसर्ग टाळलेला नाही, तो हातापर्यंत आणला आहे.

थोरांची आठवण काढलीच आहे तर आणखी दोघांचा उल्लेख करून पुढे जातो. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त दुष्काळ येतो तेव्हा वाडीतली माणसे एकेक करून निघून जातात, दुष्काळाचे माप तिथे माणसांच्या जाण्याने घेतलेले आहे. आमच्या शेजारच्या, कागलच्या, आनंद यादवांच्या ‘गोतावळा’तला नारबा हा सालगडी जनावरांतच आपली सगळी नाती शोधतो आणि मळ्यावर ट्रॅक्टर आल्यावर तो गोतावळाच उठून जातो. ही कादंबरी १९७१ ची. तीत निसर्गवर्णन भरपूर आहे, पण ते सगळे नारबाच्या तोंडून आणि त्याच्या कामाच्या ओघात येते. त्यामुळे वर्णन कमी करा असा माझा आग्रह मुळीच नाही. भरपूर करा, फक्त पाहणारा कोण ते विसरू नका.

आता एक अडचण अशी आहे की, आजचा लेखक निसर्ग आणतो तो बहुधा अशाच जुन्या कादंबऱ्यांतून. दरम्यान शिवार बदलले. आमच्या जिल्ह्यात उसाचे राज्य आले आहे. शेतीपंपाला थ्री-फेज वीज पाळीने मिळते आणि ती पाळी पुष्कळदा मध्यरात्रीची असते. चांदण्या रात्रीचे वर्णन आपल्याकडे प्रियकर-प्रेयसीसाठी राखून ठेवलेले आहे. पण आज चांदणे खरोखर पाहतो तो रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन उसाला पाणी पाजायला गेलेला माणूस. सापाची धास्ती, उसातून येणारा रानडुकरांचा आवाज, थंडगार पाण्यात बुडालेले पाय, आणि वीज जाण्याआधी शेवटच्या सरीपर्यंत पाणी पोहोचेल की नाही ही चिंता: एवढ्या सामग्रीवर एक उत्तम कथा उभी राहू शकते, आणि तिच्यातला चंद्रही खोटा वाटणार नाही. तोडणीला येणाऱ्या टोळ्यांचेही तसेच. पाल्याची धार, अंगात रुतणारी कूस, पाचटावर पहाटे पडलेले दव आणि मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीवर चढताना फळीवरून घसरणारा पाय. या माणसांना आमचा निसर्ग परका आहे, आणि परक्या निसर्गात काम करणे हा एक स्वतंत्र अनुभव आहे.

पुराचेही असेच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, घटप्रभा, मलप्रभा या सगळ्या नद्या एकाच वेळी फुगल्या, गावेच्या गावे पाण्याखाली गेली. त्यावर आलेल्या कथांत नदी बहुधा ‘कोपलेली माता’ असते. बेळगाव शहराला लागून असलेल्या शिवारात मात्र बळ्ळारी नाला दरवर्षी भातात शिरतो, त्यात कोणाचाही कोप नाही. नाल्यात गाळ, केंदाळ आणि शहराचे सांडपाणी आहे. आठवडाभर पाण्याखाली राहिलेले भात पुन्हा लावायचे की सोडून द्यायचे, हा निर्णय घेणाऱ्या माणसाला नदीमातेचे रूपक काय कामाचे? तसेच हलगा-मच्छे बायपासच्या वादात ज्यांच्या पिकाऊ जमिनी सापडल्या, त्यांच्या दृष्टीने शिवारातला नवा दगड हाही भूगोलच आहे. खानापूरच्या जंगलपट्ट्यात गव्यांचा कळप रात्रीत भात लोळवून जातो आणि २०११ साली भीमगड अभयारण्य झाल्यापासून तिथल्या वाड्यांत रान म्हणजे चुलीचे सरपण, गुरांची चराई आणि वनखात्याचे नियम हे सगळे एकदम आहे. ‘हिरवीगार वनराई’ म्हणून हे प्रकरण मिटत नाही.

आमच्या जिल्ह्यापुरती एक गोष्ट आणखी सांगितली पाहिजे. पश्चिमेला कणकुंबीला, जिथे मलप्रभा उगम पावते, तिथे पावसाळ्यात चार-चार दिवस घराबाहेर पाऊल टाकता येत नाही. आणि त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला अथणीच्या कोरडवाहू भागात उन्हाळ्यात घागरींची रांग लागते. मध्ये बेळगावचे भात, निपाणीची तंबाखू, चिकोडी-रायबागचा ऊस. एवढे निरनिराळे निसर्ग आणि एवढी निरनिराळी कामे असूनही आलेल्या कथांतले गाव एकच होते: डोंगराच्या कुशीतले, नदीकाठचे, पिंपळाच्या पाराचे. ते गाव मला तरी अजून कुठे लागलेले नाही.

याचे एक कारण आमच्या परिस्थितीतही आहे, आणि ते लिहिताना माझीच माणसे रागावतील याची मला कल्पना आहे. १९५६ पासून सीमाभागातल्या मराठी माणसाचे लेखन बव्हंशी सीमाप्रश्नाभोवती फिरत राहिले. ते स्वाभाविक होते. ज्याची भाषा पणाला लागली तो आधी भाषेविषयीच लिहिणार. पण त्यामुळे आमच्या कथेतली माती ही अस्मितेची माती झाली, पेरायची राहिली नाही. प्रत्यक्ष शेतात गेलो तर तिथली भाषा काही वेगळेच सांगते. पेरणीच्या पाभरीला आम्ही कुरी म्हणतो, तो शब्द कन्नडातून आलेला; ज्येष्ठ पौर्णिमेचा कर्नाटकी बेंदूर कन्नड घरांत कारहुण्णिमे म्हणून होतो आणि बैल दोन्हीकडे सारखेच रंगतात; भांगलायला एका रांगेत बसलेल्या बाया निम्मे बोलणे एका भाषेत सुरू करून दुसऱ्या भाषेत संपवतात. कामाने आणि निसर्गाने मिळून घडवलेली ही बोली म्हणजे आमच्या कथाकारांचे मोठे धन आहे, आणि तिचा उच्चार करताना ते उगाचच कचरतात. हुक्केरी तालुक्यातल्या घोडगेरीचे चंद्रशेखर कंबार यांना २०१० सालचे ज्ञानपीठ मिळाले. घटप्रभेच्या खोऱ्यातल्या या माणसाने त्याच पावसापाण्यातून काय घडवले, हे आमच्यातल्या कितीजणांनी वाचून पाहिले आहे? मीही ते उशिराच वाचले, हे कबूल करतो.

आपल्याकडे एक विनंती आहे. पुरवणीत कथा छापताना तिच्यासोबत चित्र येते, त्यात हमखास बैलगाडी आणि मावळता सूर्य असतो. ते चित्र काढणाऱ्या कलावंताला कथा आधी वाचायला द्यावी. आणि परीक्षण लिहिणाऱ्यांना शक्य असेल तर सुचवावे की, ‘निसर्गाचे सुंदर वर्णन’ असे लिहिण्यापूर्वी त्यांनी त्या पानावर कोणते काम चालू आहे ते पाहावे.

राहता राहिली ती कार्तिकातल्या पावसाची कथा. तिला बक्षीस द्यावे की न द्यावे यावर मंडळात बराच खल झाला आणि शेवटी तिला दुसरा क्रमांक मिळाला. निकालानंतर तो तरुण मला भेटायला आला. उद्यमबागेत एका कारखान्यात पाळीवर जातो, घरी एकर-दीड एकर भात आहे. मी तात्यांचा प्रश्न त्याला सांगितला. तो ओशाळला, मग हसला आणि म्हणाला, “गुरुजी, आमचंबी भिजलं होतं की गेल्या साली. मग पाऊस काढून टाकू काय?” मी म्हटले, “काढू नकोस, पडू दे. त्या वेळी घरात कोण काय करत होते तेवढे आठव.” महिनाभराने त्याने कथा पुन्हा लिहून आणली. आता तिच्यात पाऊस चार ओळींचाच आहे. मुलगा घरची एकुलती एक ताडपत्री घेऊन धावतो, आपल्या शेताचा बांध ओलांडतो आणि जिथे ती मुलगी दिवसभर मजुरीला होती त्या शेजाऱ्याच्या भातावर ती टाकतो. ताडपत्रीचे दुसरे टोक ओढायला ती अंधारात उभीच असते. त्याचा बाप दुसऱ्या दिवशी सकाळी बांधावर येऊन दोन्ही शेते पाहतो. तो काय म्हणतो, हे मात्र त्याला अजून सुचलेले नाही, आणि त्यासाठी तो तात्यांकडे जाऊन बसतो आहे.

आपला एक नियमित वाचक,
(निवृत्त प्राथमिक शिक्षक)
तालुका खानापूर, जिल्हा बेळगाव